डावा गुडघा

जोगजाकार्ता, १४ मार्च १९९४

प्रिय ऊसी डोर्कास,

पाच विद्यापीठांनी मिळून केलेल्या पाहणीचा पहिला तक्ता सोबत पाठवतोय. सुराबाया, उजुंगपांडांग, मानाडो, तुमचं आंबोन आणि आम्ही. पाच ठिकाणची माणसं एका कागदावर आणायला दोन वर्षं लागली. त्यातलं निम्मं वर्ष तर कोणाच्या विद्यापीठाचा शिक्का आधी मारायचा, यातच गेलं. पण झालं एकदाचं. सेराम आणि भोवतालच्या बेटांवरची बेचाळीस गावं, कोणाचा कोणाशी किती व्यवहार आहे ते आता एका नजरेत दिसतं.

आता वाईट बातमी. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. सरकारची पंधरवड्याची बोट कुठे थांबवायची आणि कुठे नाही, ते आपल्या अहवालावरून ठरणार आहे. ज्या बेटाचा आसपासच्या गावांशी व्यवहारच नाही, तिथला थांबा बंद. तक्त्यात अशी तीन बेटं निघालीत. तिसरं वाएतुआ. तुझं वाएतुआ.

मी आकडे तीनदा तपासले. वाएतुआहून हातुलेमाला गेलेला माल शून्य, हातुलेमाहून वाएतुआला शून्य. तुझं गाव आणि माझं गाव, चार पिढ्यांमागे शपथ घेऊन भाऊ झालेली, एकमेकांचे पेला. आणि मध्ये शून्य. मला गाव सोडून तीस वर्षं झाली, घरी शेवटचा आलो त्याला अकरा. तेवढ्यात तिकडचंही सगळं आटलं असेल, असं मनाशी म्हटलं. दोष कोणाला देऊ? मला स्वतःला इथे पलीकडच्या घरात कोण राहतं ते माहीत नाही.

अंतिम बैठक ऑगस्टअखेर उजुंगपांडांगला. काही दुरुस्ती असली तर जून संपायच्या आत माझ्याकडे यायला हवी. मी स्वतः हातुलेमाचा, त्यामुळे मीच तोंड उघडलं तर ते बरं दिसणार नाही.

आईला चार ओळी वेगळ्या टाकल्या आहेत. भाचा आहेच, इस्माईल वाचून दाखवेल. तुझं कधी तिकडे जाणं झालं तर बघून ये तिला.

तुझा पेला,
हुसेन


आंबोन, २९ मार्च १९९४

हुसेन,

"प्रिय" मुद्दाम लिहिलेलं नाही. राग उतरला की लिहीन.

तक्ता मिळाला. समोर असतास तर त्याचीच गुंडाळी करून तुझ्या डोक्यात घातली असती. अरे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? फणसाचं गोड गुदेग खाऊन खाऊन जोगजाकरांसारखं तेही मऊ झालं का?

आधी तुझा तो फॉर्म काढ आणि वाच. "गेल्या वर्षी कोणत्या गावाला काय विकलंत? कोणत्या गावाकडून काय विकत घेतलंत?" हे प्रश्न कोणी लिहिले? तू. माझी विद्यार्थिनी वेल्मिन्स हा कागद घेऊन वाएतुआत सख्ख्या काकाकडे गेली. हातुलेमाला काय विकलंत म्हणून विचारलं, तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "पेलाला विकतात होय गं?" पोरगी प्रामाणिक. तिने शून्य लिहिलं. घरोघर शून्य लिहिलं. आणि तू, साअदियाचा हुसेन, हातुलेमाच्या धक्क्यावर उघडा फिरलेला, त्या शून्याकडे बघून म्हणतोस, "आटलं असेल!"

पेलाला विकणं म्हणजे आईला जेवण विकण्यासारखं, हे मी तुला सांगायचं? हातुलेमाचा माणूस आमच्या परड्यातले नारळ पाडून नेतो, आणि जाताना वर चहा का नाही विचारला म्हणून रुसतो. आमच्या बेटावर सागूचं एक झाड नाही. मग चारशे माणसं रोज पापेड्याची लापशी कशाची करून खातात, वाळूची? तो सागू तुमच्याकडून येतो, करंड्याच्या करंड्या, त्याच बोटीतून. मे महिन्यात पूर्वेचा वारा सुटला की तीन-चार महिने आपल्या होड्या पाण्यात घालायची सोय नाही. तेव्हा ती एकच बोट असते. ती बंद झाली तर वाएतुआने काय शिजवायचं? तुझा तक्ता?

आकडा चुकला त्याचा राग नाही. आकडे माणसांचे चुकतात. तू मनाशी काहीतरी धरून बसलास आणि एक पत्र टाकून विचारलं नाहीस, त्याचा राग आहे.

तुझी आई बरी आहे. मागच्या महिन्यात सहज गेले होते.

डोर्कास


जोगजाकार्ता, १२ एप्रिल १९९४

प्रिय ऊसी,

(माझ्याकडून "प्रिय" आहेच.)

तुझं पत्र जेवताना एन्दांगने मोठ्याने वाचलं. माझी बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "पंचवीस वर्षं संसार करून जे बोलायचं धाडस मला झालं नाही, ते बाईंनी एका पानात बोलून टाकलं." मला मात्र कोणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. लहान भावाने मार खायचा असतो, म्हणून तर तुला ऊसी म्हणतो.

खरं सांगू? फॉर्म लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर जावाची गावं होती, पाच-पाच दिवसांनी भरणारे बाजार होते. हातुलेमा आलंच नाही डोळ्यांसमोर. हे लिहितानाही शरम वाटते.

पण अजून वेळ आहे. सुराबायाचे बापाक विद्योनो आकड्यांच्या तपासणीवर आहेत. माणूस कडक, पण न्यायी. मी त्यांना सांगितलं, प्रश्न चुकला. ते म्हणाले, "मग बरोबर प्रश्न विचारून घरोघरचे फॉर्म आणा. मोघम अंदाज मी घेणार नाही." नवा फॉर्म सोबत आहे. "काय विकलंत" काढून "काय दिलंत" केलंय, म्हणजे पैशाचा संबंधच नको. वेल्मिन्सला म्हणावं, तीस जूनपर्यंत काहीही करून कर.

हुसेन


आंबोन, २० मे १९९४

प्रिय हुसेन,

"प्रिय" लिहितेय, कारण आज तुला वाईटच सांगायचं आहे.

तुझा नवा फॉर्म जुन्यापेक्षा भारी निघाला. जुन्याला लोक हसले होते. याच्यावर चिडले.

वेल्मिन्सबरोबर वाएतुआला मी स्वतः गेले होते. आमच्या गावचे प्रमुख, बापा राजा सालोमोन, आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. त्यांनी प्रश्न ऐकला आणि काठी आपटली. "हातुलेमाला काय दिलं ते मी सांगू? मोजून द्यायचं होतं तर आमच्या आज्यांनी शपथ कशाला घेतली? त्यांच्या कानावर गेलं की वाएतुआ दिलेल्याची मोजदाद करतं, तर मी त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ?" मी बोटीचं सांगितलं, वाऱ्याचं सांगितलं. म्हणाले, "बोट गेली तर जाऊ दे. पोहत जाऊ." दुसऱ्या दिवशी गावात एकाही घराने दार उघडलं नाही.

वेल्मिन्स तशीच हातुलेमाला गेली. तिथे कोणी काठी आपटली नाही. ते जास्त वाईट. इमामसाहेबांनी कागद वाचला, खालचं नाव वाचलं आणि एवढंच विचारलं, "साअदियाच्या हुसेनने पाठवलाय हा?" ती हो म्हणाली. मग त्यांनी तिला जेवायला वाढलं, आणि निघताना कागद घडी करून कोराच तिच्या हातात परत ठेवला. तुझ्या आईच्या कानावर जाऊ दिलेलं नाही, ती काळजी करू नकोस.

वारा सुटला आहे. काल धक्क्यावरच्या तीन होड्या ओढून वर घेतल्या.

डोर्कास


जोगजाकार्ता, ३१ मे १९९४

ऊसी,

इमामसाहेबांनी मला अक्षरं शिकवली. त्यांचं ते एक वाक्य तू लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं, आणि लिहिलंस ते बरंच केलंस.

आता स्पष्ट लिहितो. वेळ एक महिन्याचा आहे. तू वाएतुआची, मी हातुलेमाचा. कोणाकडून काय येतं ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तू बसून घरोघरचे फॉर्म अंदाजाने भर, मी सही करतो. खोटं थोडंच आहे? खरंच आहे ते, फक्त विचारलेलं नाही. पुढे काही झालंच तर दोष माझ्यावर. नोकरीची दहा वर्षं राहिलीत, गेली तर गेली.

उत्तर लवकर टाक.

हुसेन


आंबोन, २१ जून १९९४

प्रिय हुसेन,

आधी तुझ्या मागच्या पत्राबद्दल. ते मी चुलीत घातलं. मुलांना मी वर्षभर काय शिकवते? न विचारता लिहू नका. आणि मास्तरीणबाईंनीच पडवीत बसून शंभर घरं भरायची? पुन्हा असलं लिहिलंस तर एन्दांगला कळवीन.

आता बैस. पाणी पी. गंमत ऐक.

तुझं पत्र यायच्या आधीच मी परत वाएतुआला गेले होते. बापा राजांची माफी मागायची म्हणून वेल्मिन्सलाही ओढत नेलं. म्हातारा तोंड फिरवून बसला. वातावरण निवळावं म्हणून मी आपलं चर्चच्या छपराचं काढलं, यंदा गळत नाही वाटतं? झालं! म्हातारा जो खुलला! "गळेल कसं? हातुलेमाच्या भावांनी घातलंय ते! एक्क्याण्णव साली वादळाने उडालं, तेव्हा चौथ्या दिवशी बोटी हजर. सागूच्या पानांचे तीनशे चाळीस झाप! छत्तीस माणसं आली, नऊ दिवस राहिली, आमचं पाणी संपलं म्हणून पाणीसुद्धा तिकडून आणलं. आणि यंदाचं विचारा ना! गेल्या पंधरवड्यात सागूच्या एकोणीस करंड्या उतरल्या. त्याच्या आधी तेवीस." बोटांवर मोजून मोजून सांगतोय. बायको मध्येच म्हणाली, "बावीस." तर तिच्यावर ओरडला, "तेवीस! माझ्या भावांची एक करंडी खातेस होय?"

मी वेल्मिन्सकडे बघितलं. तिने हळूच पेन्सिल काढली होती. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि म्हणाला, "लिही, लिही. नीट लिही. जगाला कळू दे आमचे भाऊ कसे आहेत ते."

हुसेन, आपण दोघांनी पंचवीस-पंचवीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि एवढं सुचलं नाही. दिलेलं कोणी सांगत नाही. मिळालेलं सगळे सांगतात. मिळालेलं सांगणं म्हणजे मोजदाद नाही, ते भावाचं कौतुक. मग तेवढंच विचारू ना! वाएतुआने हातुलेमाकडून मिळालेलं सांगायचं, हातुलेमाने वाएतुआकडून मिळालेलं. तुझ्या तक्त्याच्या दोन्ही बाजू भरल्या की नाही?

मी फॉर्मवर एकच प्रश्न ठेवला, "तुम्हाला काय काय मिळालं?" मग काय विचारतोस! लोक वेल्मिन्सला रस्त्यात अडवायला लागले, आमच्या घरी कधी येतेस म्हणून. एका बाईने रडत रडत सांगितलं, बाळंतपणात हातुलेमाच्या बायका महिनाभर राहिल्या होत्या, ते कुठल्या रकान्यात लिहू म्हणे.

वाएतुआचे चौसष्ट फॉर्म मी तपासले. हातुलेमाला परीक्षांमुळे मला जाता आलं नाही. वेल्मिन्स एकटी गेली आणि चौपन्न फॉर्म बांधूनच घेऊन आली. ते मी उघडले नाहीत, म्हणजे उद्या विद्योनोंनी विचारलं तर माझा हात लागलेला नाही असं सांगता येईल. भूगोलाचे सर उद्याच्या विमानाने जोगजाला येताहेत, गठ्ठा त्यांच्याबरोबर पाठवते. सोबत भाजलेल्या कनारीच्या बियांची पुडी एन्दांगला. तुला नाही.

डोर्कास


जोगजाकार्ता, ८ जुलै १९९४

प्रिय ऊसी,

गठ्ठा सत्तावीस जूनला मिळाला आणि माझा जीव भांड्यात पडला. बेरजा झाल्या. वाएतुआचा शून्य गेला. वर्षाला साडेपाचशे करंड्या सागू हातुलेमाहून वाएतुआला. वाएतुआहून हातुलेमाला सुकी मासळी, खोबरेल, कनारी, दोन होड्या, आणि मशिदीचा मधला खांब. बेचाळीस गावांत एवढी देवाणघेवाण फक्त पाच जोड्यांत आहे. बोटीच्या खलाशांकडच्या वहीशी ताडून पाहिलं, तिथेही जमतं.

हे झालं कामाचं. आता दुसरं.

हातुलेमाचा फॉर्म क्रमांक एकोणतीस माझ्या आईचा आहे.

मी तो टेबलावर ठेवला, उठून बागेला पाणी घातलं, परत आलो, परत वाचला. वेल्मिन्सने जसं आईने सांगितलं तसं उतरवलंय. तुला तसंच्या तसं लिहितो.

"वाएतुआकडून काय मिळालं? सुके मासे, तेल, गेल्या साली चष्मा, आणि डोर्कास. ती दर महिन्याला येते, वारा असला की बोटीने येते. अंगणातली पायरी तिने करून घेतली. आणखी कुठून काही मिळतं? हो, जोगजाहून मुलाची पत्रं. फार लांबलचक लिहितो माझा हुसेन. डोर्कास वाचते, वाचता वाचता दुपार सरते. मागच्या पत्रात विचारत होता, दारातल्या लवंगेला यंदा बहर कसा आहे, लंगडी शेळी व्याली का, आणि डाव्या गुडघ्याला कायापुटीचं तेल लावतेस ना. एवढा मोठा प्राध्यापक झाला, पण गुडघा डावा की उजवा ते विसरला नाही. पाकीट एवढंसं असतं, पण त्यात मावतं किती!"

ऊसी, माझी पत्रं चार ओळींची असतात. मी बरा आहे, तू बरी असशील, औषध वेळेवर घे, पुढच्या वर्षी येईन. शेळी आहे हे मला माहीत नव्हतं. गुडघा दुखतो हे माहीत नव्हतं. तो डावा आहे, हे मला सरकारी पाहणीच्या फॉर्मवरून कळलं.

इस्माईल कुठे आहे?

हुसेन


आंबोन, २० जुलै १९९४

प्रिय हुसेन,

इस्माईल सोरोंगला असतो, शहाऐंशी सालापासून. तुला तेव्हा कोणी कळवलं नसेल. कळवायला मीच होते, आणि मी कळवलं नाही.

पकडले गेले खरी. वेल्मिन्सला मी शाबासकी देऊ की कान धरू, काही कळत नाही. तिला तरी काय माहीत, तू चारच ओळी लिहितोस ते.

कसं झालं ते सांगते. इस्माईल गेल्यावर तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी योगायोगाने तिथेच होते. तुझ्या आईने पदराने हात पुसले, चटई घातली, शेजारणीला बोलावलं, कॉफी ठेवली. एवढी तयारी! आणि मी वाचायला लागले ते कॉफी उकळायच्या आत संपलं. ती कानामागे हात धरून तशीच बसलेली. म्हणाली, "एवढंच?" शेजारीण बघतेय. मला ते पाहवेना रे. मी कागद उलटा केला आणि म्हटलं, "नाही, मागे आहे अजून." आणि मागची कोरी बाजू वाचली.

मग दर वेळी वाचत गेले, आठ वर्षं. जे तिला कोणी विचारावंसं वाटे, ते तू विचारायचास. मला काही फार डोकं चालवावं लागलं नाही, ती आदल्या महिन्यात जे बोलायची तेच तुझ्या तोंडी घालायचे. तू खरंच विचारशील, एखाद दिवशी, असंही वाटायचं.

फसवलं म्हणून रागावलास तर तो तुझा हक्क आहे. एक गोष्ट मात्र मी गाळत आले, तीही सांगून टाकते. तुझी शेवटची ओळ, "पुढच्या वर्षी येईन." ती मी तिला वाचून दाखवत नाही. पहिल्या वर्षी वाचली होती. ती वर्षभर धक्क्यावर येऊन बसली. दर बोटीला. त्यानंतर नाही वाचली.

आणि तिला कळत नाही असं तू समजू नकोस. मागच्याच खेपेला मी वाचून झाल्यावर तिने माझ्या हातातून कागद घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "तुझा आवाज बसलाय गं डोर्कास, आज कमी लिहिलं असतं त्याने तरी चाललं असतं."

गुडघा डावा. वर चढताना दुखतो, उतरताना नाही.

डोर्कास


उजुंगपांडांग, २८ ऑगस्ट १९९४

प्रिय ऊसी,

बैठक आत्ताच आटोपली. खानावळीत बसून लिहितोय, कागदाला तेल लागलं तर समजून घे.

वाएतुआचा थांबा राहिला.

सहज राहिला नाही. विद्योनोंनी सगळ्यांदेखत विचारलं, "ज्यांची बोट जाणार, ते वाढवून सांगणार नाहीत कशावरून?" मी सहा महिने ठरवलं होतं की गप्प बसायचं. पण उभा राहिलो. म्हटलं, मी हातुलेमाचा आहे. पहिला शून्य माझ्या चुकीने आला, गावच्या खोटेपणाने नाही. स्वतः काय दिलं हे ही माणसं बोट बुडाली तरी सांगणार नाहीत. तेवढं मिळालेलंच काय ते सांगतील, आणि त्यातही एका करंडीवरून नवराबायकोचं भांडण होतं. मग तुझ्या बापा राजांची ती तेवीस-बावीसची गोष्ट सांगितली. मानाडोचे लोक आधी हसले. विद्योनो हसले नाहीत. त्यांनी खलाशांची वही मागवली, त्या तारखेचं पान काढलं आणि म्हणाले, "बावीस." मग एकटेच कितीतरी वेळ हसत बसले. बापा राजांना हे सांगू नकोस.

उरलेल्या दोन बेटांवर मानाडो आणि उजुंगपांडांगची मंडळी पुन्हा जाणार आहेत, नव्या प्रश्नासह. तिथेही अशा चालीरीती असतील, तिथलेही शून्य तपासायला हवेत असं त्यांनाच वाटायला लागलंय. अहवालात तुझं नाव माझ्या वर घातलंय. शिक्क्यावरून भांडण झालं नाही.

तू मला रागावण्याचा हक्क दिला होतास. तो मी परत करतो. माझ्या त्या चार ओळींसमोर कानामागे हात धरून बसलेली आई मला रोज दिसते.

हुसेन


जोगजाकार्ता, १२ सप्टेंबर १९९४

आई,

हे पत्र लांबलचक आहे. कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलंय, मागची बाजू कोरी ठेवलेली नाही, आणि आणखी दोन कागद जोडलेत. डोर्कासला आधी पाणी दे.

दारातल्या लवंगेच्या कळ्या उतरवल्यास का? यंदा स्वतः शिडीवर चढू नकोस. लंगड्या शेळीला काय झालं, बोकड की पाट? बोकड असेल तर त्याला कापू नका, मला बघायचा आहे. डाव्या गुडघ्याचं मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. चढताना दुखतो आणि उतरताना नाही, असं सांगितलं. ते म्हणाले तेल चालू ठेवा, पण त्याआधी गरम पाण्याने शेका. मी एक रबरी पिशवी घेतली आहे.

तू मला लहानपणी चिकट पापेडा काड्यांवर गुंडाळायला शिकवायचीस, आणि मी निम्मा मांडीवर सांडायचो. परवा एन्दांगला करून दाखवायला गेलो तर तेच झालं. ती म्हणाली, आता तुमच्या आईकडूनच शिकायला हवं. तिला हळद घातलेल्या माशाच्या रश्श्याचा वास अजून सोसत नाही, पण तिखट खाते. तुला आवडेल ती.

इमामसाहेबांना माझा सलाम सांग. त्यांना म्हणावं, हुसेनने चुकीचा कागद पाठवला होता, त्याची माफी तो समोर बसून मागणार आहे.

आणखी काय लिहू? रोजचं लिहायला गेलं की आधी काही सुचत नाही, मग थांबवत नाही. माझ्या घरामागे एक आंब्याचं झाड आहे. पलीकडच्या घरात एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात, त्यांचं नाव सुगिमान. मी कालच जाऊन विचारलं. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली आणि स्वतःला कधी एक आलं नाही, म्हणाले. त्यांनाही एक लिहायचं ठरवलंय.

सात ऑक्टोबरला आंबोनहून बोट सुटते. आठला सकाळी वाएतुआला थांबते, गावी आलेली डोर्कास तिथे चढेल, आणि दुपारी हातुलेमाच्या धक्क्याला लागते. धक्क्यावर उन्हात बसू नकोस, इमामसाहेबांच्या ओसरीवर बैस, तिथून बोट दिसते.

ऊसी, आता पुढची ओळ गाळायची नाही. मोठ्याने वाच, शेजारणीलाही ऐकू जाऊ दे.

आई, मी येतोय.

हुसेन